‘फॉरेस्ट बाथिंग’ म्हणजे नेमकं काय? जंगलात नुसतं फिरल्याने खरंच आजार पळतात का?

नाव ऐकून ओढ्यात डुंबायचा बेत वाटेल, पण यात पाण्याचा संबंधच नाही. सूर्यस्नान असतं ना, तसंच हे झाडांमधलं स्नान. मूळ जपानी शब्द ‘शिनरिन-योकू’. शिनरिन म्हणजे जंगल, योकू म्हणजे स्नान.

हा शब्द कुणा झेन भिक्षूने दिला असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो सरकारी आहे. १९८२ साली जपानच्या वनखात्याचे तेव्हाचे प्रमुख तोमोहिदे अकियामा यांनी तो वापरात आणला. नागानो प्रांतातलं अकासावा हे जंगल या प्रकाराचं जन्मस्थान मानलं जातं. तिथे हिनोकी जातीची सुमारे ३०० वर्षं जुनी झाडं आहेत.

हे ट्रेकिंग नाही. शिखर गाठायचं नाही, पावलं मोजायची नाहीत. फोन खिशात ठेवून रमतगमत चालायचं, मध्येच बसायचं. पानांची सळसळ ऐकायची, मातीचा वास घ्यायचा, झाडाच्या सालीवरून हात फिरवायचा. बस्स.

मग याचा फायदा होतो का? जपानमधल्या २४ जंगलांत केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. शहरात फिरलेल्यांपेक्षा जंगलात फिरलेल्यांची नाडी, रक्तदाब आणि कॉर्टिसोल हे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, तिन्ही कमी आढळलं.

जास्त गाजलं ते डॉ. चिंग ली यांचं काम. २००५ मध्ये त्यांनी टोकियोतल्या १२ नोकरदार पुरुषांना तीन दिवस जंगलात नेलं. रक्तातल्या ‘नॅचरल किलर’ पेशी, म्हणजे विषाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, सुमारे निम्म्याने अधिक सक्रिय झालेल्या दिसल्या. झाडं हवेत सोडतात ती सुगंधी द्रव्यं, म्हणजे ‘फायटोनसाइड्स’, यामागे असावीत असा त्यांचा कयास होता. म्हणून पुढे त्यांनी काही जणांना हॉटेलच्या खोलीत ठेवून रात्री हवेत हिनोकीचं तेल सोडलं. तिथेही पेशींची सक्रियता वाढली.

इथेच व्हॉट्सअ‍ॅपवाले घसरतात. या पेशी कर्करोगाच्या पेशींवरही हल्ला करतात, एवढ्यावरून ‘जंगलात फिरा, कॅन्सर पळवा’ असे मेसेज फिरतात. पण प्रयोगातली माणसं निरोगी होती आणि होती फक्त १२. त्यातून कुणाचा कर्करोग बरा झाल्याचं सिद्ध होत नाही. शिवाय आपण जंगलात आहोत हे माणसाला कळतंच, त्यामुळे सुट्टीचा परिणाम किती आणि झाडांचा किती हे वेगळं काढणं अवघड जातं. तेव्हा बीपीची गोळी किंवा केमोथेरपी यासाठी थांबवू नका.

ताण हलका करायला मात्र हा उपाय स्वस्त आणि सोपा आहे. त्यासाठी घनदाट जंगलच हवं असंही नाही. इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या २०१९ मधल्या अभ्यासात आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. त्यात शहरातल्या बागाही धरल्या होत्या. मुंबईकरांना बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आहे, पुणेकरांना वेताळ टेकडी.

सिंधुदुर्गाच्या जंगलात जाणार असाल तर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि परतल्यावर अंग नीट तपासा. तिथे गोचिडीमार्फत पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत.