डायलिसिस की औषधांवर उपचार? आजारी माणसाला आधी विचारा



डॉक्टरांनी डायलिसिसचे नाव काढले की घरात एकच वाक्य ऐकू येते, "एकदा लागलं की सुटत नाही." मग भीतीने दवाखान्यात जाणेच थांबते. आमच्या काल्हेरच्या गटांत हा प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो, म्हणून आज तो समजून घेऊ.

आधी एक फरक. पावसाळ्यात लेप्टो झाला किंवा जुलाबांनी अंगातले पाणी गेले, तर किडनी अचानक बंद पडू शकते. अशा वेळी काही वेळा डायलिसिस केल्यावर ती बऱ्याचदा पुन्हा चालू होते आणि डायलिसिस सुटते. मधुमेह किंवा रक्तदाबाने वर्षानुवर्षे झिजलेली किडनी मात्र परत येत नाही. म्हणजे सवय डायलिसिसची लागत नाही, किडनीच काम करेनाशी झालेली असते.

किडनीचे काम साधारण पंधरा टक्क्यांच्या खाली आले की पुढचे ठरवावे लागते. शरीर साथ देणार असेल तर किडनी बदलण्याबद्दलही विचारावे. ते जमण्यासारखे नसेल तर दोन वाटा उरतात.

पहिली वाट डायलिसिसची. मशीनवर रक्त साफ करतात. साधारणपणे आठवड्यातून 3 वेळा, दर वेळी 4 तास. त्यासाठी हातावर फिस्टुला करतात. तो तयार व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून आधीच करून घेतलेला बरा. दुसरा प्रकार पोटातून, घरीच करायचा. त्यात हात आणि जागा अगदी स्वच्छ लागते.

दुसरी वाट डायलिसिस न करता औषधांवर उपचार करण्याची. ही वाट म्हणजे माणसाला वाऱ्यावर सोडणे नव्हे. सूज उतरवणारी औषधे, रक्त वाढवणारी इंजेक्शने, खाज, मळमळ आणि दम यांवर उपाय, खाण्यातले पथ्य हे सगळे चालू राहते. आपल्या खाडीकाठच्या घरांत सुकट, खारे बोंबील, पापड, लोणचे रोजचे. त्यातले मीठ सूज वाढवते. अंगदुखीच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. या वाटेने किडनी बरी होत नाही, आयुष्यही बहुधा कमी मिळते. पण उरलेले दिवस घरात, कमी त्रासात जाऊ शकतात.

मग कोणाला काय? धडधाकट, तरुण किंवा मध्यम वयाच्या माणसाला डायलिसिसने बरीच वर्षे मिळू शकतात. ऐंशीच्या घरातल्या, हृदय थकलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा हिशेब वेगळा असतो. अमेरिकेत वृद्धाश्रमांतल्या रुग्णांचा अभ्यास 2009 साली छापून आला. डायलिसिस सुरू केल्यावर वर्षभरात त्यांतले निम्म्याहून जास्त दगावले होते, आणि पूर्वीइतके हिंडतेफिरते फार थोडे राहिले होते. घाईही नको. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या 2010 च्या अभ्यासात, त्रास सुरू होईपर्यंत डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबलेल्यांचे आयुष्य लवकर सुरू करणाऱ्यांपेक्षा कमी झाले नाही.

आता आपल्या बायकांबद्दल. आपल्या देशात घरच्या माणसाला किडनी देणाऱ्यांत बायका जास्त, आणि किडनी मिळणाऱ्यांत पुरुष जास्त. म्हणून चाळिशीतल्या सुनेला कोणी "औषधांवरच भागवू" म्हणाले, तर ते तिच्या तब्येतीकडे बघून की खर्चाकडे बघून, हे गटाने विचारलेच पाहिजे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो; रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा. गाडीभाडे आणि बुडणारा रोज मात्र आधीच हिशेबात धरा.

डॉक्टरांना हे प्रश्न विचारा:
• डायलिसिसने किती फायदा होईल, त्रास काय होईल?
• नाही केले तर पुढचे महिने कसे जातील?
• काही महिने करून पाहून मग ठरवता येईल का?

चालू असलेले डायलिसिस मनाने बंद करू नका. किडनी पूर्ण बंद असेल तर काही दिवसांतच जीव जाऊ शकतो. थांबायचेच असेल तर डॉक्टरांशी बोलून, पुढच्या त्रासाची औषधे ठरवून थांबा.

आणि हे बोलणे आजारी माणसाच्या समोर होऊ द्या. तिला दम लागून रात्री रिक्षा शोधायची वेळ येण्याआधी, ती शुद्धीवर असताना तिला विचारा, "तुला काय हवंय?"