आतला आवाज आणि त्याची खातरजमा

१९३३ साली पुण्यात दोन घटना घडल्या, ज्यांचा परस्परांशी उघड असा काहीच संबंध नव्हता. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनी एप्रिलच्या अखेरीस एकवीस दिवसांच्या उपवासाचा संकल्प जाहीर केला आणि तो आपल्या बुद्धीने काढलेला निष्कर्ष नसून अंतरातून आलेली आज्ञा आहे, असे निःसंकोचपणे सांगितले. आणि त्याच वर्षी पुण्याच्याच आर्यभूषण छापखान्यातून गुरुदेव रा. द. रानडे यांचा महाराष्ट्रीय संतांच्या साक्षात्कारमार्गाचा विवेचक असा इंग्रजी ग्रंथ बाहेर पडला, ज्याच्या प्रस्तावनेत साक्षात्कारी अनुभव खरा कशावरून मानायचा या प्रश्नाला त्यांनी सरळ हात घातला होता. एकाने आतल्या आवाजावर आपला जीव पणाला लावला, तर दुसऱ्याने त्या आवाजाची परीक्षा कोणत्या कसोट्यांवर करावी याची मांडणी केली. आणि आपल्या परंपरेत ही दोन्ही कामे एकाच साधनेची अंगे मानली गेली आहेत, हे या लेखात मला दाखवायचे आहे.

हे दाखवण्याची गरज अलीकडे वाढली आहे. आपल्या मनाचे ऐका, अंतःप्रेरणा कधी फसवीत नाही, असा उपदेश आज शिबिरांतून आणि प्रवचनांतून इतक्या सहजपणे केला जातो की, ज्यांनी आयुष्यभर अंतर्मुख राहून ही प्रेरणा कमावली त्यांनी तिच्याभोवती केवढा पहारा ठेवला होता, याचे विस्मरण होते. दुसऱ्या बाजूला, अशी काही शक्ती असते हेच न मानणारे सुशिक्षित लोकही आहेत, आणि त्यांना या विषयावरील जुन्या विचाराची सूक्ष्मता ठाऊक नसते. माझा स्वतःचा कल असा की, अंतःप्रेरणा आहे, ती वाढवता येते आणि तिच्यावर विसंबताही येते. परंतु तो विश्वास साधनेच्या आरंभी हाती पडत नाही, तो पुष्कळ हिशेब चुकते केल्यावर पदरात पडतो.

शास्त्रांनी या शक्तीला मान दिला आणि तिची जागाही ठरवून दिली. मनुस्मृतीने धर्माची प्रमाणे सांगताना वेद, स्मृती, सज्जनांचे शील आणि आचार यांच्यानंतर अगदी शेवटी आत्मतुष्टी घातली. ती गाळली नाही आणि पहिल्या स्थानावरही बसवली नाही. पतंजलींच्या विभूतिपादात प्रातिभ ज्ञानाचे सामर्थ्य मोठे वर्णिलेले आहे, परंतु लगेच पुढे अशा सिद्धी समाधीच्या वाटेवरचे अडथळे ठरतात, असा इशाराही दिलेला आहे. ज्या प्रज्ञेला ते ऋतंभरा म्हणतात ती निर्विचार समापत्तीचे नैर्मल्य सिद्ध झाल्यावर येते. म्हणजे चित्त जितके स्वच्छ तितके त्याचे सांगणे विश्वासार्ह, हा साधा पण कठोर नियम तेथे गृहीत धरलेला आहे.

भर्तृहरीने याहून वेगळी आणि मला अतिशय मोलाची वाटणारी गोष्ट वाक्यपदीयात सांगितली आहे. रत्नांची आणि नाण्यांची पारख जाणकाराला कशी होते, असा प्रश्न घेऊन तो म्हणतो की ती अनुमानाने होत नाही, अभ्यासाने होते, आणि ती दुसऱ्याला शब्दांनी समजावून देता येत नाही. आपल्या गावच्या सराफी पेढीवर हे कोणालाही पाहता येते. म्हातारा सराफ दागिना हातात घेतो, तळव्यावर जरासा तोलतो, कसोटीच्या दगडावर त्याची एक रेघ ओढतो, ती उजेडाकडे तिरपी धरून पाहतो आणि भेसळीचा अंदाज सांगतो. कशावरून, असे विचारले तर त्याला नीट सांगता येत नाही, आणि तरीही त्याच्या शब्दावर व्यवहार होतो. परंतु हा सराफ कस लावल्यावाचून बोलत नाही, हे विसरता कामा नये. पन्नास वर्षांच्या नजरेलाही त्याने दगडाच्या हाताखालीच ठेवले आहे. प्रतिभेचे प्रकार सांगतानाही भर्तृहरीने अभ्यासजन्य प्रतिभेला योगजन्य प्रतिभेच्या शेजारीच बसवले, त्यामुळे कारागिराची नजर आणि योग्याची दृष्टी एका वंशातल्या ठरतात.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या कारागृहात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्याच्या सहाव्या प्रकरणात आधिदैवतपक्षाची जी झडती घेतली, तिचा रोख थेट या विषयावर आहे. माणसाच्या हृदयात सदसद्विवेक नावाची एक स्वतंत्र देवता वास करते आणि तिचा कौल क्षणात मिळतो, असे म्हणणाऱ्या पाश्चात्त्य पंडितांना त्यांचे उत्तर असे की, निर्णय चटकन होतो एवढ्यावरून त्यामागे निराळी देवता आहे असे ठरत नाही, कारण सरावलेल्या विषयात बुद्धी असेच झटकन काम करते. आणि ही देवता खरोखर स्वयंभू असती तर ती चोराच्या आणि साधूच्या ठिकाणी सारखीच बोलली असती. म्हणून मनाच्या स्फुरणाला मुखत्यारपत्र देण्याऐवजी ज्या बुद्धीतून ते येते ती व्यवसायात्मिका बुद्धी शुद्ध आणि स्थिर करावी, हा गीतेचा मार्ग ते पुढे मांडतात. विशेष म्हणजे टिळकांचे हे प्रतिपादन आणि डॅनिएल काहनेमन व गॅरी क्लाइन या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००९ साली एकत्र लिहिलेल्या लेखाचा निष्कर्ष एकमेकांजवळ येतात. एकाचे आयुष्य अंतःस्फूर्तीच्या चुका दाखवण्यात गेले, दुसऱ्याचे अग्निशामक दलाच्या अनुभवी अधिकाऱ्यांची अचूकता टिपण्यात; आणि दोघांचे एकमत झाले ते असे की, ज्या क्षेत्रात नियमितता आहे आणि चुकल्याची खबर माणसाला परत मिळते, तेथेच स्फुरणावर भरवसा ठेवावा.

मग अध्यात्माच्या क्षेत्रात चुकल्याची खबर देणारे कोण? सराफाला दगड आहे, अधिकाऱ्याला आग आहे. साधकाला काय आहे? या प्रश्नाचे सर्वांत नेमके मराठी उत्तर समर्थ रामदासांच्या त्रिविध प्रचीतीत आहे. शास्त्रप्रचीती, गुरुप्रचीती आणि आत्मप्रचीती या तिन्हींचा मेळ बसला म्हणजे अनुभव रुजू झाला. तिघांपैकी एकाची सही नसेल तर प्रकरण खुले. यातली आत्मप्रचीती गाळून चालत नाही, कारण तिच्यावाचून इतर दोन उसन्या राहतात. आणि ती एकटी पुरत नाही, कारण माणसाचे मन स्वतःला अनुकूल तेच ऐकण्यात पटाईत असते.

तुकोबांच्या स्वप्नदीक्षेकडे या दृष्टीने पाहावे. बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात येऊन मस्तकावर हात ठेवला, माघ शुद्ध दशमीला गुरुवारी मंत्र दिला, हे त्यांनी स्वतःच अभंगात नोंदवून ठेवले आहे. गुरूंनी जेवणासाठी पावशेर तूप मागितले आणि स्वप्नात आपल्याला त्याचा विसर पडला, हा बारीक तपशीलही त्यांनी गाळला नाही. केवळ चमत्कार सांगणाऱ्याने पावशेर तुपाची गोष्ट कशाला सांगितली असती? मला त्यातले अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की, मिळालेला मंत्र रामकृष्णहरी हाच होता, ज्या नामाची त्यांना आधीच ओढ होती. स्वप्नाने त्यांना नव्या वाटेवर लोटले नाही, ज्या वाटेवर ते चालत होते तिच्यावर मोहोर उठवली. आणि ज्या तुकोबांनी आपली वाणी आपली नव्हे असे परोपरीने सांगितले, त्याच तुकोबांनी अंगात आणणाऱ्या, भगव्याखाली पोट भरणाऱ्या ढोंग्यांवर सर्वांत जळजळीत अभंग रचले. दैवी प्रेरणेचा त्यांचा अनुभव आणि तिच्या खोट्या दाव्यांविषयीची चीड ही एकाच मुळातून आलेली होती.

कोकणात आणि गोव्यात ग्रामदेवतेला कौल लावण्याची चाल अजून जिवंत आहे, आणि ती पुष्कळांना आतल्या आवाजाच्या अगदी विरुद्ध टोकाची वाटेल. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, मानकऱ्यांसमोर गाऱ्हाणे घालतो, आणि सगळे त्या पाकळ्यांकडे डोळे लावून बसतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळी कोणत्या कारणाने पडते हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. माझे लक्ष गाऱ्हाण्याकडे आहे. तेथे माणसाला आपल्या मनातली इच्छा आडपडदा न ठेवता, नावानिशी, चार लोकांच्या देखत, होय किंवा नाही असे उत्तर देता येईल अशा स्वरूपात बोलावी लागते. आणि ज्याला आपला प्रश्न इतक्या स्वच्छपणे मांडता आला त्याच्या मनातील अर्धा गोंधळ पाकळी पडण्यापूर्वीच शमलेला असतो. एकांतात आतला आवाज ऐकू पाहणाऱ्यांनी हे गाऱ्हाणे शिकण्यासारखे आहे.

आत्मपरीक्षणाची अशीच एक शिस्त युरोपात जन्मली आणि तिचे अनुयायी गोव्याच्या वाटेने आपल्या भाषेपर्यंत पोचले. इग्नेशियस लोयोला हा बास्क सरदार १५२१ साली पांपलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून घरी पडला असता त्याने वाचायला शौर्यकथा मागितल्या; त्या घरात नव्हत्या म्हणून ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे मिळाली. दिवसभर पडल्या पडल्या तो कधी दरबारी पराक्रमाची स्वप्ने पाही, कधी संतांसारखे जगण्याची. दोन्ही रंगवताना गोडच वाटत, परंतु पहिली सरली की मन कोरडे पडे, दुसरी सरल्यावरही प्रसन्नता टिकून राही. प्रेरणेची परीक्षा ती येताना करू नये, ती गेल्यावर मागे काय उरते त्यावरून करावी, हा शोध त्याला अंथरुणावर लागला, आणि पुढे त्याने दिवसातून दोनदा अंतःकरणाची झडती घेण्याचा शिरस्ता आपल्या पंथाला घालून दिला. मन खिन्न असताना पूर्वीचा निश्चय कधी बदलू नये, हा त्याचा दुसरा नियमही तितकाच शहाणपणाचा आहे. त्याचा सहकारी फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरला, आणि १६१६ साली मराठी ख्रिस्तपुराण छापून घेणारे फादर स्टीफन्स याच पंथाचे होते.

आता गांधीजींकडे परत येतो. ८ मे १९३३ रोजी त्यांनी उपवास सुरू केला, त्याच दिवशी सरकारने त्यांची सुटका केली आणि उरलेले दिवस पुण्यातल्या ‘पर्णकुटी’ बंगल्यात काढून २९ मे रोजी तो पुरा केला. जुलैमध्ये ‘हरिजन’ पत्रात त्यांनी आवाज ऐकू आला त्या रात्रीची जी कैफियत दिली तिच्यात विलक्षण संयम आहे: आत झगडा चालू होता, आवाज आला, तो तोच आहे अशी खात्री करून घेतली आणि झगडा थांबला, कोणतेही रूप दिसले नाही, आणि संशयिताला पटवण्यासारखा पुरावा आपल्यापाशी नाही, हेही त्यांनी कबूल केले. असा दावा कोणीही उठून करू नये, सत्य, अहिंसा, ब्रह्मचर्य, अपरिग्रह ही व्रते पाळून पात्रता मिळवल्यावरच तो करावा, असे ते सांगत आले होते. पण त्यांची खरी थोरवी मला १९३९ सालच्या राजकोट प्रकरणात दिसते. तेथील उपवासाने त्यांना अनुकूल असा सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांचा निवाडा मिळाला होता. तरीही उपवास चालू असताना आपण व्हाइसरॉयच्या हस्तक्षेपाची मागणी केली, त्यामुळे त्यात दडपणाची, म्हणजे हिंसेची भेसळ झाली, असे ठरवून त्यांनी मे महिन्यात त्या निवाड्याचे सर्व लाभ सोडून दिले. जिंकलेला फैसला आपल्याच विरुद्ध पुन्हा चालवण्याचे हे धैर्य ज्याच्यापाशी आहे, त्याच्याच आतल्या आवाजाला मी मान देईन.

गुरुदेव रानड्यांनी साक्षात्काराच्या सत्यतेसाठी जी लक्षणे पाहिली त्यांत देशोदेशीच्या अनुभवांतील सारखेपणाबरोबर त्या माणसाची बुद्धी, भावना आणि नीती यांचाही हिशेब होता. अंतःप्रज्ञा बुद्धीला, भावनेला आणि इच्छाशक्तीला डावलत नाही, ती त्यांच्या मुळाशी राहून त्यांना भेदून जाते, असे त्यांचे म्हणणे. निंबाळच्या त्यांच्या आश्रमात आजही मुख्य भर नेमाच्या नामस्मरणावर आहे, आणि मला वाटते की अंतःप्रेरणा वाढवण्याचा याहून वेगळा मार्ग कोणी दाखवलेला नाही: ठरल्या वेळी बसणे, मनात येणाऱ्या ओढी नावानिशी ओळखणे, त्या लिहून ठेवणे, आणि काही महिन्यांनी वही उघडून कोणती ओढ टिकली, कोणती नुसती हौस होती, कोणती भीतीतून आली होती, हे निमूटपणे पाहणे. विशेषतः जी प्रेरणा आपल्या सोयीची आहे, जी आपले कोणाशी असलेले वैर सुखावते किंवा आपला मोठेपणा वाढवते, ती जास्त दिवस थांबवून ठेवावी.

हे सारे एका प्रसंगात एकवटलेले पाहायचे असेल तर १८ एप्रिल १९५१ या दिवसाकडे पाहावे. तेलंगणातील पोचमपल्लीत विनोबांनी हरिजनांना विचारले की तुमची गरज काय, आणि त्यांनी ८० एकर जमीन मागितली. सरकारकडे अर्ज करण्याची गोष्ट चालली असताना विनोबांनी जमलेल्या लोकांनाच विचारले, आणि रामचंद्र रेड्डी यांनी उभे राहून १०० एकर देऊ केली. त्या रात्री विनोबांना झोप लागली नाही. घडले त्यात ईश्वराचा संकेत आहे असे त्यांना वाटले. पण देवाखालोखाल गणितावर श्रद्धा असलेल्या या माणसाने लगेच हिशेब मांडला की देशातील भूमिहीनांसाठी ५ कोटी एकर लागतील. मागावे की नाही याची धास्ती वाटत असतानाही, आता माघार घेतली तर अहिंसेवरील श्रद्धाच सोडावी लागेल, या निर्वाणीच्या विचाराने त्यांनी दुसऱ्या दिवशी पुढच्या गावात पुन्हा जमीन मागितली आणि ती मिळाली.

पुढे तेरा वर्षे ते गावोगाव जमीन मागत चालत राहिले. सुमारे ४२ लाख एकर जमीन दानात आली, तिच्यातली पुष्कळ नापीक किंवा वादग्रस्त निघाली आणि बराच भाग वाटपावाचून राहिला, ही वस्तुस्थिती झाकण्यात अर्थ नाही. तिच्यावरून त्या रात्रीची प्रेरणा खोटी होती असे म्हणणारे आहेत. मी तसे म्हणत नाही. गावात उभे राहून मागावे, हे त्यांना त्या दिवशी उमगले आणि ते उमगणे गावोगाव खरे ठरत गेले. ५ कोटींचा आकडा मात्र आवाजाने सांगितलेला नव्हता, तो त्यांनी स्वतः मांडलेला होता, आणि दानपत्रे तपासणे, सातबारावर नावे चढवणे, बैल आणि बियाणे पुरवणे ही कामे कोणत्याही अंतःप्रेरणेने होणारी नव्हती. ती तलाठ्यांची, कार्यकर्त्यांची आणि सरकारी कचेऱ्यांची कामे होती, आणि जेथे ती चोख झाली तेथे त्या जमिनीवर पिके उभी राहिली.