औषधापासून उंबरठ्यापर्यंत

एखादे औषध गुणकारी आहे हे रुग्णालयात निःसंशय सिद्ध झाले, म्हणजे ते आजाऱ्यापर्यंत पोहोचवण्याचे उरलेले काम हुकूम-परिपत्रकांनी आपोआप पार पडते, अशी समजूत वैद्यकाच्या क्षेत्रात दीर्घकाळ रूढ होती, आणि तिची किंमत असंख्य रुग्णांनी प्राण देऊन मोजली. लिंबू-संत्र्यांनी स्कर्व्ही बरा होतो हे जेम्स लिंड या आरमारी शल्यवैद्याने १७४७ साली तुलनात्मक प्रयोग करून दाखवले, तरी ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस नियमाने मिळू लागण्यास १७९५ साल उजाडावे लागले. असे अंतर का पडते आणि ते कसे मिटवावे, याचा पद्धतशीर शोध घेणारी विद्याशाखा म्हणजे अंमलबजावणीचे शास्त्र होय.

१९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीने थैमान घातले आणि शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज यांचे पाणी तोंडावाटे देण्याचे ठरवले आणि ते पाजण्याचे काम नातलगांवर सोपवले. शेकडा ३० च्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा ४ च्या खाली आले. या पाण्याचा, म्हणजेच जलसंजीवनीचा, गुण सिद्ध झाला. आता ती घरोघर कशी जावी, हा प्रश्न होता.

तो प्रश्न फझले हसन आबेद यांच्या ‘ब्रॅक’ संस्थेने १९८० पासून बांगलादेशच्या खेड्यांत हाती घेतला. तीन बोटांच्या चिमटीत मावेल इतके मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, एवढी कृती संस्थेच्या सेविका घरोघर जाऊन आयांना शिकवीत. काही आठवड्यांनी निराळे तपासनीस निवडक घरांत जाऊन आईला काय आठवते ते विचारीत, तिने केलेल्या द्रावणाची प्रयोगशाळेत परीक्षा होई, आणि त्या निकालावर सेविकेचा मोबदला ठरे. आयांना कृती येऊ लागली, तरीही मुलाला जुलाब होताच ती वापरणाऱ्या घरांची संख्या निराशाजनकच राहिली. चौकशीअंती दिसून आले की, खुद्द सेविकांचाच या उपायावर पुरता विश्वास नव्हता, आणि घरातील पुरुषांना तर कोणी काही सांगितलेच नव्हते. तेव्हा सेविकांना ढाक्याच्या पटकी रुग्णालयात नेऊन उपायाचा प्रत्यय दाखवण्यात आला, आणि मशिदी, बाजार व शाळा येथे पुरुषांच्या सभा भरू लागल्या. १९९० पर्यंत १ कोटी २० लाखांहून अधिक घरांत ही शिकवण पोहोचली.

या शास्त्राच्या मुख्य संकल्पना या एकाच कथेत दिसतात. उपाय लोकांना पटतो का, ही स्वीकार्यता. तो मूळ स्वरूपात दिला जातो का, ही निष्ठा. आणि स्थानिक सामग्रीप्रमाणे, ग्लुकोजच्या जागी गूळ घेण्याइतका, तो बदलता येतो का, ही अनुकूलता. रसेल ग्लासगो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली मूल्यमापनाची जी पंचसूत्री मांडली, तीत व्याप्ती, परिणाम, संस्थांनी केलेला स्वीकार, प्रत्यक्ष अंमल आणि टिकाव या पाचही अंगांची झडती घेतली जाते. कारण परिणाम कितीही उत्तम असला तरी व्याप्ती शून्य असेल तर लोकांच्या पदरी पडणारे फळही शून्यच.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बालकांची तपासणी करण्याचे, इतकेच नव्हे तर जंतुसंसर्गावर इंजेक्शन देण्याचेही शिक्षण दिले. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात-मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ साली ही पद्धत आशा कार्यकर्तींमार्फत देशभर नेण्याचे ठरले. रुग्णालयात प्रसूती झाल्यास ६ आणि घरी झाल्यास ७ गृहभेटी, असा नियम झाला. परंतु संस्थेच्या काळजीवाहू देखरेखीखाली चाललेला उपक्रम अवाढव्य सरकारी यंत्रणेत गेला, की त्याचे कोणते अंग गाभ्याचे व कोणते बदलण्याजोगे हे ठरवावे लागते. भेटींचा आकडा दफ्तरात पुरा भरला, पण देखरेख आणि औषधांचा पुरवठा सुटला, तर नाव तेच राहून उपाय मात्र दुसराच होतो.

म्हणून प्रत्येक आरोग्ययोजनेच्या अंदाजपत्रकात, कोण वंचित राहिले आणि का राहिले हे शोधण्यासाठी, आरंभापासून स्वतंत्र तरतूद असली पाहिजे. औषधाची मात्रा किती असावी हा जितका शास्त्रीय प्रश्न आहे, तितकाच आशाताईंचे मानधन वेळेवर का पोहोचत नाही हाही शास्त्रीय प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर तितक्याच काटेकोरपणे शोधले गेले पाहिजे.