सायकलचा प्रश्न आणि उसातला बिबट्या

आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतील तोंडी परीक्षेत ‘तुम्ही सायकल चालवता का?’ असे विचारले की अनेक उमेदवार प्रदूषणावरचे पाठ केलेले भाषण सुरू करतात. घात तिथेच होतो. ११ ते १४ मिनिटांच्या या परीक्षेत ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार या चारच गोष्टींना सारखे गुण असतात. मत कोणते, याला नाहीत. पाठांतर पुढच्या ‘का?’वर अडखळते, पाहिलेली गोष्ट सहसा अडखळत नाही. आणि पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावच्या उमेदवाराकडे अशा गोष्टींची काय वाण? मंचर, नारायणगावचा बागायती पट्टा सायकलला सोपा. भीमाशंकर किंवा माळशेजकडे चढ दमवतो. पुणे-नाशिक महामार्गावर ट्रकची धास्ती. आणि उसातल्या बिबट्यामुळे तिन्हीसांजेला एकट्याने सायकल काढणे जोखमीचे. शेवटचे कारण तर छापील नमुना-उत्तरांत शोधूनही सापडायचे नाही.

यावर कोणी म्हणेल, परक्या परीक्षकाला मंचर काय कळणार? नावापुढे ‘पुण्याच्या उत्तरेचे बाजाराचे गाव’ एवढे जोडले की झाले. सायकलच नसेल तर ‘नो’ म्हणायलाही हरकत नाही. मात्र पूर्वी चालवत होतो, आता दुचाकी आली, रस्ता बरा झाला तर पुन्हा घेईन, असे सांगितले की तिन्ही काळ आपसूक येतात. इंग्रजीच कच्चे असेल तर हा उपाय पुरा पडणार नाही, हे खरे. पण पाठांतरानेही ते पक्के होत नाही. परीक्षेच्या दुसऱ्या भागात तयारीला एक मिनिट आणि बोलायला दोन मिनिटांपर्यंत वेळ मिळतो. तेवढाच वेळ लावून आपल्या गावच्या रस्त्यावर बोला आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐका.