कृपा आणि हक्क

कामगारांच्या संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने देवाच्या कृपेवर बोलावे, हे ऐकणाऱ्यांना जरा चमत्कारिक वाटेल. आमची सारी हयात कृपेविरुद्ध भांडण्यात गेली आहे. 'मालकांची कृपा' हे शब्द कारखान्याच्या फाटकाशी कोणी उच्चारले, की आमच्या कपाळाला आठी पडते. कृपा म्हणजे मर्जी. आणि मर्जी आज असते, उद्या नसते. बोनसचेच पाहा. मुंबईच्या गिरणीमालकांनी १९१७ साली, महायुद्धाच्या महागाईत, पगारावर दहा टक्के युद्धबोनस दिला. पुढे काही वर्षे नफ्यातून एका महिन्याच्या पगाराइतका बोनस मिळत गेला. कामगार समजला, हे आपले झाले. १९२३ चा बोनस देण्याचे मालकांनी नाकारले, तेव्हा १९२४ च्या आरंभी सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर गेले. मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने निर्णय दिला, की या बोनसवर कामगारांचा रूढीने, कायद्याने वा न्यायबुद्धीने बजावता येईल असा काहीही हक्क नाही. म्हणजे ती कृपाच होती! १९६५ साली बोनसचा कायदा झाला, तेव्हा त्या कृपेचा हक्क झाला. मधे ४१ वर्षे गेली.

तेव्हा आमचा धंदा कृपेचे हक्कात रूपांतर करण्याचा. असे असता देवाच्या कृपेविषयी आम्ही बोलू इच्छितो, याला कारण आहे. ते सांगण्यापूर्वी मात्र एक भेद स्पष्ट करणे अवश्य आहे, नाहीतर आमच्या बोलण्याचा उपयोग भलतेच लोक करतील.

माणसाची अगतिकता दोन प्रकारची असते. एक, दुसऱ्यांनी लादलेली. संत चोखामेळा हे मंगळवेढ्याचे. गावकुसाची भिंत बांधण्याचे काम चालू असता ती कोसळली आणि तिच्याखाली सापडून १३३८ साली ते गेले, असे परंपरा सांगते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणल्या. महाद्वाराशी त्यांची समाधी आहे. हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येत होते, त्यावरून ती ओळखली, अशी कथा कीर्तनकार सांगतात आणि श्रोत्यांचे डोळे पाणावतात. आमचेही पाणावतात. पण आमच्या मनात त्याच वेळी दुसरा एक प्रश्न उभा राहतो: भिंत पडली का? कामावर माणसे कोणी लावली होती, त्यांच्या जिवाची काळजी कोणाकडे होती? अपघाताच्या चौकशीला अनेकदा उभे राहिल्यामुळे जडलेली ही खोड आहे. ज्या देवासाठी चोखोबा तळमळले, त्याच्या देवळात त्यांना पाऊल टाकता येत नव्हते. आणि ही तक्रार त्यांनी आपल्या अभंगांत झाकून ठेवलेली नाही. असल्या अगतिकतेत पिचणाऱ्या माणसाला 'देवाच्या कृपेची वाट पाहा' असे सांगणे ही शुद्ध लबाडी होय. येथून पाच-सहा कोसांवर नाशिकला काळाराम मंदिराच्या दाराशी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांसारख्यांनी तो वर्षानुवर्षे चालविला. त्या लोकांनी कोणाच्या कृपेची वाट पाहिली नाही, हेच योग्य झाले.

दुसरी अगतिकता निराळी. तिच्यात आपल्यापुढे मालक नसतो, पुजारी नसतो. आपण स्वतःच असतो. जे करू नये ते हातून होऊन गेलेले असते. त्यावर संप पुकारता येत नाही, ठराव करता येत नाही. आमची ओळख तिच्याशी कशी झाली, ते थोडक्यात सांगतो.

पंधरा-सोळा वर्षांमागची गोष्ट. एका कारखान्यात संप झाला. कायम कामगारांबरोबर ठेकेदाराकडचे अकरा जणही बाहेर बसले. उलट त्यांचाच धीर अधिक होता, कारण त्यांच्यापाशी गमावण्यासारखे नव्हतेच काही. चाळीस दिवस झाले. कायम कामगारांची घरे खचू लागली. एका रात्री मालकांनी करार पुढे केला: कायम कामगारांना चांगली पगारवाढ, आणि त्या अकरांविषयी एक अक्षर नाही. आम्ही सही केली. 'पुढच्या करारात त्यांचे पाहू' असे मनाशी म्हटले. ते खोटे होते, आणि खोटे आहे हे सही करतानाच ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी कायम कामगारांनी आमच्या गळ्यात हार घातले. ते अकरा जण फाटकाच्या पलीकडे रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरे वाटले असते.

पुढचे दिवस वाईट गेले. भाषणे चालूच होती. न्यायाचा शब्द तोंडून निघे आणि आपल्याच कानाला पोकळ लागे. ओझरला चंपाषष्ठीला खंडेरावाची यात्रा भरते, बारागाड्या ओढल्या जातात. लहानपणापासून आमची ती वारी चुकलेली नाही. त्या वर्षी कोणी भंडारा कपाळी लावू लागला, तर आम्ही नकळत मागे सरलो. चांगले काम करून भरपाई करावी म्हटले, तर प्रत्येक चांगल्या कामात 'पाहा, मी तितका वाईट नाही' असा हिशेब शिरू लागला. ज्या मनाने घाण केली तेच मन झाडू घेऊन उभे, अशी अवस्था.

त्या काळात वाचनालयातून विनोबांची 'गीता प्रवचने' आणली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. शाळा लवकर सुटल्यामुळे संस्कृत आम्हाला येत नाही. मराठी अर्थावर आमची भिस्त. नवव्या अध्यायातल्या तिसाव्या आणि एकतिसाव्या श्लोकांपाशी आम्ही थांबलो. त्यांचा आशय असा, की अत्यंत दुराचारी मनुष्यदेखील एकनिष्ठेने देवाकडे वळला, तर त्याला साधूच समजावे, कारण त्याचा निश्चय योग्य ठिकाणी लागला आहे. आणि मग तो लवकरच धर्मात्मा होतो. हा क्रम नीट पाहावा. कारखान्यात आधी उमेदवारी, मग परीक्षा, आणि सर्व सुरळीत पार पडले तर कायम. येथे आधी कायम करतात आणि काम शिकणे मागाहून! असला मालक आम्ही तरी पाहिलेला नाही.

हक्क आणि कृपा यांतला फरक आम्हाला येथे कळला. हक्क आपण केलेल्या कामावर उभा असतो, म्हणून तो ताठ मानेने मागावा. पण ज्याच्या खात्यावर काम नाही, उलट नुकसान आहे, त्याने काय मागावे? त्याच्यासाठी जे येते ते मागणीने येत नाही. माणसामाणसांतली कृपा वाईट, कारण ती घेणाऱ्याला मिंधे करते. देवाची कृपा मिंधे करीत नाही, ती माणसाला पुन्हा कामाला लावते.

तुकोबांकडे या दृष्टीने पाहावे. देहूचे हे घर महाजनांचे, सावकारी आणि दुकानदारी करणारे. १६३०-३१ च्या दुष्काळात सारे गेले. पहिली पत्नी अन्नावाचून गेली, धंदा बसला, गावात तोंड दाखविण्याची लाज वाटू लागली. हे दुसऱ्या कोणी त्यांच्यामागे सांगितलेले नाही. त्यांनी स्वतःच अभंगांतून सांगितले आहे. दिवाळे निघालेला व्यापारी सहसा आपली वही दाखवीत नाही. तुकोबांनी ती साऱ्या महाराष्ट्रापुढे उघडली, आणि तिच्यात स्वतःचे दोषही लिहिले. परंपरा असेही सांगते, की लोकांकडून येणे असलेली खते भावाबरोबर वाटून घेऊन त्यांनी आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडविली. ज्याला देवाकडून सूट हवी, त्याने प्रथम आपल्या कुळांना सूट दिली. आम्हाला तुकोबांच्या चरित्रातला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो.

येथे एक शंका कोणीही घेईल. कृपा जर अशी फुकट मिळते, तर पाप करावे आणि हात जोडावे, झाले! शंका खरी आहे, आणि असे भक्त आपण सर्वांनी पाहिले आहेत. ओझरच्या विमान कारखान्यामुळे या गावात यंत्रावर काम केलेली माणसे पुष्कळ. त्यांना एक दाखला पटेल. दांड्याचा व्यास मापापेक्षा जास्त राहिला, तर जॉब पुन्हा यंत्रावर चढवून दुरुस्त करता येतो. कमी झाला, तर कितीही घासून उपयोग नाही. घासाल तितका तो आणखी कमी होतो. त्यावर बाहेरून धातूचा थर चढवावा लागतो. पण थर चढला म्हणजे जॉब पास झाला, असे नव्हे. त्यानंतर त्याला पुन्हा घासून मापात आणावे लागते, आणि ती मेहनत चुकत नाही.

दारूच्या पाशात सापडलेल्या माणसांचा अनुभव हेच सांगतो. अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी १९३५ साली बिल विल्सन नावाचा शेअरदलाल आणि बॉब स्मिथ नावाचा शल्यवैद्य, दोघेही दारूने खलास झालेले, एकमेकांना भेटले, आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ निघाली. तिच्या बारा पायऱ्यांतली पहिली म्हणजे दारूपुढे आपले काही चालत नाही, ही कबुली. मग आपल्यापेक्षा मोठ्या शक्तीवर हवाला. ती शक्ती कोणती, हे ज्याचे त्याने आपल्या समजुतीप्रमाणे ठरवावे. पण आठव्या-नवव्या पायरीवर कामाचे सांगितले आहे: ज्यांना आपण दुखविले त्यांची यादी करा, आणि दुसऱ्या कोणाचे नुकसान होत नसेल तेथे प्रत्यक्ष जाऊन भरपाई करा. आमचे कित्येक कामगार या मार्गाने सुधारले. 'मी उद्यापासून सोडतो' असे छाती ठोकून सांगणारा महिन्याभरात गुत्त्यावर दिसे. 'मला सुटत नाही' असे रडत सांगणारा पुष्कळदा तरून जाई.

यादी करण्याची ही गोष्ट आमच्या मनाने घेतली. आमची यादी तयारच होती, अकरा नावांची. फाटकावरच्या सभेत आम्ही सांगितले, की तो करार करताना आम्ही या अकरा जणांना विकले. सभा गप्प झाली. काही कायम कामगार रागावले, कारण विक्रीचा पैसा त्यांच्या पगारात पडला होता. मग एकेकाच्या घरी गेलो. दोघांनी दार लावून घेतले. ते आजही बोलत नाहीत, आणि त्यांनी बोलावे असे म्हणण्याचा आम्हाला अधिकार नाही. आम्ही त्यांचा दावा न्यायालयात उभा केला. तो सहा वर्षे चालला. सात जणांना भरपाई मिळाली. कामावर परत कोणीही गेले नाही, आणि एक जण निकालापूर्वीच वारला.

या फेरीतले एक घर बाणगंगेच्या अंगाला होते. मुलगा कामाच्या शोधात बाहेर गेलेला, आई दारात तांदूळ निवडीत बसलेली. आम्ही उभ्याउभ्याच म्हणालो, "मावशी, तुमच्या पोराला सोडून मी सही केली, हे सांगायला आलोय."

तिने सूप बाजूला ठेवले. "ठाऊक हाये, भाऊ. तव्हाच ठाऊक व्हतं. बसा, चहा टाकते."

आम्हाला बसवेना. ती आत गेली, स्टोव्ह पेटविल्याचा आवाज आला, आणि आतूनच तिने म्हटले, "पोराच्या केसचं तेवढं बघा मातर."

आम्ही बसलो, आणि पिशवीतून वकीलपत्राचा कागद काढला.