नवी आवृत्ती आणि जुनी पूरक साधने

संगणकावरील एखादी आज्ञावली अद्ययावत केली की, तिला जोडलेले व काल चालणारे एखादे पूरक साधन आज चालेनासे होते, असा अनुभव अनेक शिक्षकांस येतो. हा केवळ निर्मात्यांचा लहरीपणा आहे काय, ह्याचा विचार एका उदाहरणाच्या आधारे आम्ही येथे करीत आहोत.

१४ नोव्हेंबर २०१७ रोजी मोझिला ह्या संस्थेने आपल्या फायरफॉक्स ह्या ब्राउझरची ५७ वी आवृत्ती प्रसिद्ध केली. तीत जुन्या पद्धतीची ॲड-ऑन, म्हणजे इतरांनी रचलेली पूरक साधने, बंद पडली. 'क्लासिक थीम रिस्टोरर' कायमचे गेले. 'डाउनदेमऑल' २०१९ साली नव्याने लिहिले गेले, पण पूर्वीच्या काही सोयी गमावून. 'नोस्क्रिप्ट' मात्र थोड्याच दिवसांत नव्या रूपात परतले.

ह्याचे कारण जुन्या पद्धतीच्या मोकळेपणातच होते. जुने पूरक साधन ब्राउझरच्या अंतर्भागात हवे तेथे हात घालू शकत असे. त्यामुळे ते समर्थ होई. परंतु आतील रचना बदलली की तेही कोलमडे. भाडेकरूने भिंतीत खुंट्या ठोकाव्यात आणि त्यांपायी मालकास ती भिंत हलविता येऊ नये, असा तो प्रकार. मोझिलास ब्राउझरचा स्वतःचा कारभार आणि उघडलेली पाने परस्परांपासून वेगळी चालवून स्थैर्य व सुरक्षितता साधावयाची होती; त्या कामी ह्या खुंट्या आड येत. म्हणून 'वेबएक्स्टेन्शन्स' ही पद्धत आली. तीत पूरक साधनास नेमून दिलेल्या दारांतूनच प्रवेश मिळतो. आत काहीही बदलले तरी दारे शक्यतो तीच राहावीत, असा हा करार होय. मात्र ज्या कामासाठी दारच ठेवलेले नाही, ते काम करता येत नाही.

हा बदल ऑगस्ट २०१५ मध्येच जाहीर झाला होता. शिवाय दीर्घ मुदतीची ५२ वी आवृत्ती २०१८ पर्यंत चालू ठेवून वाचकांस सवडही दिली गेली. तरीही अशी साधने रचणारे पुष्कळदा एकटेदुकटे हौशी लोक. सारे पुन्हा लिहिण्याचे श्रम प्रत्येकास झेपणारे नव्हते.

शिक्षकांच्या दृष्टीने 'स्क्रॅपबुक' ह्या साधनाचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. वाचलेली पाने संग्रही ठेवण्याचे हे साधन नव्या आवृत्तीत चालेना. परंतु ती पाने वाचकाच्या स्वतःच्या संगणकावर साध्या फायलींच्या रूपाने होती. म्हणून साधन गेले तरी संग्रह उरला. आमच्या मते पाठांची टिपणे, शब्दसंग्रह व जुन्या लेखांच्या नकला ह्यांची एक प्रत तरी अशाच साध्या रूपात प्रत्येक शिक्षकाने आपल्याजवळ ठेवावी, आणि नवी आवृत्ती घेण्यापूर्वी ती उघडून पाहावी.