एक मोडेम, दोन संगणक

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम लिमिटेडने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली आणि दूरध्वनीच्या तारेतून जग घरात येऊ लागले. पुढे काही घरांत दुसरा संगणकही आला. मोडेम आणि दूरध्वनीची जोडणी मात्र एकच राहिली. मुलीचा प्रकल्प आधी की वडिलांचे बँकेचे काम, हा वाद तेथूनच सुरू झाला.

त्यावर दोन उपाय होते. पहिला, हाताने फिरवायच्या स्विच-पेटीचा. त्यात मोडेम एका वेळी एकाच संगणकाला मिळे. दुसरा उपाय अधिक सोयीचा होता. दोन्ही संगणकांत नेटवर्क कार्ड बसवून ते क्रॉसओव्हर केबलने जोडायचे, मोडेम पहिल्या संगणकाला लावायचा आणि १९९९ मध्ये आलेल्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीतील इंटरनेट जोडणी वाटून घेण्याची सोय त्यावर सुरू करायची. पहिला संगणक १९२.१६८.०.१ हा अंतर्गत पत्ता घेई आणि दुसऱ्यालाही तसाच एक पत्ता देई.

बाहेरच्या जगाला मात्र एकच पत्ता दिसे. हे काम बँकेच्या आवक-जावक विभागासारखे चाले. पत्रे शाखेच्या पत्त्यावरून जातात. कोणते पत्र कोणत्या टेबलावरून गेले याची नोंद असल्याने उत्तर योग्य टेबलावर पोहोचते.

यात लाभ असा, की दोघांचे काम एकाच कॉलमध्ये होई. मर्यादाही होत्या. पहिला संगणक बंद केला, की दुसऱ्याचे इंटरनेट खंडित होई. ५६ के मोडेममधून आदर्श स्थितीतही सेकंदाला सुमारे ७ किलोबाइटच येत. म्हणजे एक मेगाबाइटच्या फाइलला जवळजवळ अडीच मिनिटे. दोघांनी एकदम फाइली उतरवल्या, तर हा वेग विभागला जाई. पाने वाचताना मात्र तार बराच वेळ रिकामी असे, म्हणून वाटणी फारशी जाणवत नसे.

खरा धोका निराळाच होता. घरातल्या घरात फाइली वाटून घेण्याची सोय डायल-अप जोडणीलाही लागू राहिली, तर खासगी कागदपत्रे परक्याच्या दृष्टीस पडू शकत. जून २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने इंटरनेट बँकिंगविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. घरातील संगणकाची दक्षता मात्र ज्याची त्यानेच घ्यायची होती.

आज पत्त्यांच्या वाटपाचे तेच काम घरातील वाय-फाय राउटर करतो. साधने वाढली, म्हणून जबाबदारीही वाढली. राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा, त्याची आज्ञावली अद्ययावत ठेवावी आणि पाहुण्यांसाठी स्वतंत्र जोडणी द्यावी. इंटरनेट घरातील सर्वांनी वाटून घ्यावे. बँकेचा पासवर्ड आणि ओटीपी मात्र कोणाशीही वाटून घेऊ नये.